आधी तीट, मग कौतुक

आवडाबाईच्या हाताला सगळी आळी भिते. मी अंगणवाडीची बाई, गावची निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली, पण मीसुद्धा भिते. खोटं कशाला बोलू? उभा जन्म मिठागरात मीठ ओढून त्या हाताचं लाकूड झालंय. मिठागरं बंद पडून किती वर्षं झाली, तिथं आता तिवरं माजलीत आणि बगळे बसतात, पण हात काही मऊ झाला नाही. आणि हाताच्या पुढं तोंड. 'मुडद्या'शिवाय वाक्य सुरू होत नाही बाईचं. मला ती लहानपणापासून मनू म्हणते, आणि आता मी सरकारी मानधन घेते म्हणून मला मनुबाई म्हणावं, असं तिला कधी सुचलेलं नाही.

तिचा मुलगा गणराज उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. सून दिपाली किहीमला कॉटेजवर साफसफाईच्या कामाला आहे, सकाळच्या मिनीडोर रिक्षानं जाते ती दिवेलागणीला परत. मधल्या वेळात घरात दोघंच, आवडाबाई आणि नातू ऋत्विक. चार वर्षांचा पोर. दिसायला इतका गोड की... जाऊ दे, जीभ चावली मी. अंगानं बरा आहे, एवढंच म्हणते. का ते पुढं कळेल.

तर हा पोर चावायचा. हवं ते मिळालं नाही की आधी जमिनीवर आडवा, मग किंकाळ्या, आणि उचलायला गेलं की दात. माझ्या दंडावर त्याची खूण आहे. अंगणवाडीत एकाचा कान, एकीचा गाल, रोज कुणाची तरी आई कंबर खोचून माझ्या दारात. मी आवडाबाईकडं तक्रार न्यायची. ती एका हातानं पोराला धपाटा घालायची आणि तो रडायला लागला की दुसऱ्या हातानं बिस्किटाचा पुडा द्यायची. पोर दोन्ही पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चावायला हजर. नाकी नऊ आणले होते त्यानं माझ्या.

थंडीत एका रविवारी मी अशीच तक्रार घेऊन गेले तर गणराज घरी होता. त्यानं माझं ऐकून घेतलं, आणि आईला माझ्यासमोरच सांगितलं, की पाडव्याला आम्ही उलव्याला खोली घेतोय, दिपालीला आणि पोराला घेऊन जातो. आवडाबाई कोलंबी सोलत होती. तिनं विचारलं, आनि मी? तू इथंच, गणराज म्हणाला. मग बोलला ते असं.

"तू मला वाढवलंस तसा माझा पोरगा वाढायला नको, आई. मारलंस ते एक वेळ ठीक. पण आयुष्यात एक चांगला शब्द बोललीस का माझ्याशी?"

आवडाबाईनं मान वर केली नाही. कोलंबी संपली तरी ती नुसती टरफलं चिवडत बसली होती. मी गुपचूप निघून आले. त्या घरात त्या दिवशी माझी तक्रार फारच लहान वाटली.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली. पोरं गेल्यावर म्हणाली, "मनू, तुझ्या त्या वर्गात म्हाताऱ्यांना घेतात का?"

वर्ग म्हणजे पालकांचा गट. अलिबागच्या एका संस्थेच्या कल्पिता मॅडम दर बुधवारी दुपारी समाजमंदिरात घ्यायच्या. हट्टी, मारकुट्या, चावऱ्या पोरांच्या आयांना गोलात बसवून पोराशी कसं वागायचं ते शिकवायचं, असा तो प्रकार. गावातले पुरुष त्याला 'आयांची शाळा' म्हणून हसायचे. मलाही आधी वैतागच होता. चटया मी घालायच्या, बायका मी गोळा करायच्या, चहा मी सांगायचा, आणि शिकवणार कोण, तर जिला अजून लेकरू नाही ती. पण मॅडम चौलची, आपल्याच बाजूची पोर, आणि ऐकून घेणारी. ती म्हणाली, जो पोराला सांभाळतो तो पालक, आजींना जरूर आणा. मग आयांच्या गोलात एक आवडाबाई.

मॅडमकडं चित्रांचा एक तक्ता होता, बाहेरून कुठून तरी आलेला. त्यातल्या एका चित्रात रागावलेलं पोर एका खोलीत खुर्चीवर एकटं बसलेलं. राग शांत होईपर्यंत पोराला असं बाजूला बसवायचं म्हणे. आवडाबाई म्हणाली, आमच्यात खुर्ची एकच, ती पाव्हण्यांची, आनि खोली म्हणशील तर तिच्यात आम्ही सगळीच ऱ्हातो. एकीनं तरी घरी करून बघितलं, पोराला पडवीच्या कोपऱ्यात बसवलं. येणारा-जाणारा विचारायला लागला, का रे बाळा एकटा, आई रागावली का, आणि पोराची शिक्षा संपेपर्यंत त्याच्या हातात दोन चॉकलेटं आणि एक केळं जमा झालं होतं. मॅडम इतकी हसली! मग तिनं तो तक्ताच भिंतीकडं फिरवून ठेवला आणि म्हणाली, आपल्या घरात काय बसतं ते आपण शोधू.

त्याच दिवशी तिनं घरचा अभ्यास दिला. पोरगं दिवसभर वाईटच वागतं असं नसतं, एखादं काम ते नीट करतं, तेवढं टिपायचं आणि तिथल्या तिथं त्याच्या तोंडावर कौतुक करायचं. सगळ्या बायका गप्प. मॅडमला वाटलं, समजलं. मला माहीत होतं की हे समजल्याचं गप्प बसणं नव्हे.

आमच्यात आपल्या पोराला आपण चांगलं म्हणत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं, तर 'कसलं काय, नुसता दांडगोबा आहे' म्हणून झटकून टाकायचं. नजर लागते. सगळ्यात वाईट नजर कुणाची, तर आईची. माझी पोरं मोठी होऊन नोकरीला लागली, पण अजून त्यांचं कुणी नाव काढलं की मी विषय बदलते.

पुढच्या आठवड्यात आमच्या आळीत ठसका सुरू झाला. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी पुन्हा. डोळ्यांतून पाणी, घशात आग. कुणाच्या घरात मिरच्या जळतायत म्हणून मी पदर नाकाला लावून वास काढत गेले, तर आवडाबाईच्या मागल्या दारी. चुलीपुढं ती बसलेली, एका हातात ऋत्विकचं मनगट, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, आणि ओवाळणं चाललंय, आल्यागेल्याची, वाटेवरच्या चालणाऱ्याची. पोराचे डोळे लालभडक, नाक वाहतंय. मी ओरडलेच, हे काय चालवलंय?

ती शांतपणे म्हणाली, मॅडमनं सांगितला तो अभ्यास करते. पोरानं ताट मोरीत नेऊन ठेवलं, म्हणून त्याला गुणाचा म्हटलं. म्हटलं तर मग निस्तरायला नको?

मी कपाळाला हात लावला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. ती प्रामाणिकपणे दिवसातून चार-पाच वेळा पोराला चांगलं म्हणायची आणि दर वेळी त्याला मिरच्यांच्या धुरात उभं करायची. पोर काही वेडा नाही. त्याला एवढंच कळलं होतं, की शहाण्यासारखं वागलं की डोळ्यांत आग होते. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत त्यानं पाटी जागेवर ठेवली म्हणून मी सहज 'शाब्बास' म्हटलं, तर पाटी टाकून दाराबाहेर पळाला.

बुधवारी आवडाबाई गोलात उभी राहिली आणि मॅडमला म्हणाली, तुमचं औषध लागू पडत न्हाय, पोर जास्तच बिघडला. मग मी मिरच्यांची सगळी हकिकत सांगितली. बायका लोळायच्या बाकी राहिल्या हसून. मीही हसले. आवडाबाई हसली नाही. ती खाली बसली, आणि हसणं ओसरल्यावर चटईच्या काड्या सरळ करत करत बोलायला लागली.

"माझा पहिला पोर सदा. गोरा, अंगानं भरलेला. मिठागरात बांधावर टोपलीत निजवायची त्याला. एक दिवस सगळ्या बायांसमोर मी बोलले, असा पोर अख्ख्या गावात न्हाय. आठवडा न्हाय झाला, तापानं गेला. मग गणराज झाला. त्याला मी तोंडावर कधी चांगला म्हणाले न्हाय. धोंड्या म्हटलं, काळतोंड्या म्हटलं. पण जगला."

इतकी वर्षं शेजारी राहून तिच्या तोंडून सदाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता मॅडम शिकल्यासवरल्यासारखं बोलणार, नजर वगैरे काही नसतं आजी, ताप वेगळा आणि नजर वेगळी. आणि तसं ती बोलली असती तर मी तिला तिथंच थांबवलं असतं, चहा गेला खड्ड्यात. पण ती तक्ता मिटून आवडाबाईजवळ सरकली आणि विचारलं, की दृष्ट लागली तर मिरच्या ओवाळता, पण लागूच नये म्हणून काय करता?

आवडाबाई म्हणाली, तीट लावतो. दुसरं काय?

"मग आजी, आधी तीट लावा आणि मग बोला. आणि असा पोर गावात नाही, असं नकाच म्हणू. जे काम केलं तेवढंच म्हणा. ताट उचललंस, बरं केलंस. कामाला कुठं नजर लागते?"

आवडाबाईनं यावर खूप विचार केला. बायकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाली, कामाला न्हाय लागत.

मॅडमनं एवढंच बजावलं की काजळ डोळ्यात घालायचं नाही, गालावर नाहीतर कानामागं. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली, ती आवडाबाईला जड गेली. पोरानं आकांत मांडला आणि त्याला लागण्यासारखं काही जवळपास नसलं, तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, बिस्किटही द्यायचं नाही. तोंड फिरवून बसायचं. शांत झाला की जवळ घ्यायचं. आवडाबाई म्हणाली, मी तोंड फिरवीन, पण हात माझा ऐकत न्हाय, तो आपला आपण जातो. तर मॅडम म्हणाली, मग हातावर बसा.

आणि बाई खरंच बसायला लागली! ऋत्विक अंगणात लोळतोय, आणि आवडाबाई ओट्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, तोंड जास्वंदीकडं करून बसली आहे, ओठ मिटलेले, मान लालबुंद, हे दृश्य आळीनं रोज बघितलं. आम्ही तिला चिडवायचो, की आवडाबाई, अंडी उबवताय का? ती हातावरून न उठता आम्हाला शिव्या घालायची. तेवढी सूट तिनं स्वतःला ठेवली होती.

तिटीचं मात्र झटकन जमलं. घरची काजळाची डबी होतीच. पोरानं चपला ओळीत ठेवल्या, आली डबी, गालावर ठिपका, आणि मग आवडाबाई घसा खाकरून, जसं कोर्टात बोलतात तसं बोलायची, चपला लावल्यास, बरं केलंस. सुरुवातीला डबी दिसली की पोर मिरच्यांच्या भीतीनं मागं सरकायचा. धूर होत नाही हे कळायला त्याला थोडे दिवस लागले. मग तो स्वतःच डबी घेऊन मागं फिरायला लागला. आजी, मी पाणी सांडलं न्हाय, लाव. आजी, कोंबडीला दगड मारला न्हाय, लाव. अंगणवाडीत यायचा तो गालभर ठिपके मिरवत. बाकीची पोरं मागं लागली, आम्हालाही पाहिजे, तर आया घरून काजळ पाठवायला लागल्या आणि तोंडं पुसता पुसता माझे हात काळे. मी खूप आरडाओरडा केला. उपयोग शून्य. शेवटी मीच एक डबी आणून खिडकीत ठेवली.

चावणं थांबलं का? कमी झालं. थांबलं म्हणणार नाही, मी अंगणवाडीची बाई आहे, जादूगार नाही. पण तक्रारवाल्या आया तुरळक झाल्या, आणि पोर रडून झालं की जवळ यायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शिमगा झाला. पाडवा तोंडावर आला. गणराजनं फोनवर कळवलं की रविवारी येतो आणि टेम्पोचं पक्कं करतो. आवडाबाई माझ्याकडं आली. मनू, तू बोल त्याच्याशी, माझं ऐकणार न्हाय तो. तिच्या आवाजात इतकी वर्षं मी कधी विनंती ऐकली नव्हती, मला ती बघवेना. मी म्हटलं, बोलेन की, घाबरते का मी त्याला? माझ्याच अंगणवाडीच्या पायरीवर शेंबूड पुसत मोठा झालाय.

रविवारी गेले. गणराज ओट्यावर होता, दिपाली दाराला टेकून उभी. मी आपली जुळवाजुळव करून सुरुवात केली, की अरे, आईनं किती मेहनत घेतली आहे तुला माहीत नाही. एवढ्यात ऋत्विकला बापाच्या बाइकची चावी हवी झाली. गणराज नको म्हणाला. पोर आडवा! सगळी मेहनत माझ्या डोळ्यांदेखत अंगणात लोळायला लागली. बाइकच्या स्टँडपाशी त्याचं डोकं आपटेल म्हणून आवडाबाई त्याला बाजूला ओढायला वाकली, आणि तो तिच्या मनगटाला चावला. असातसा नाही. रक्त दिसलं.

तिचा हात वर गेला. मी डोळे मिटणार होते. गणराज मात्र एकटक बघत होता, त्या हाताखालून तो स्वतः गेला होता. हात वर तसाच राहिला. मग आवडाबाईनं पोराला बाइकपासून लांब सरकवलं, ओट्यावर येऊन बसली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि जास्वंदीकडं तोंड केलं. गणराज पोराला उचलायला उठला. ती तोंड न फिरवता म्हणाली, नको, थांब.

पोर किंचाळला, पाय आपटले, सगळ्यांना शिव्या दिल्या. आळी जमायला लागली, कुणी बिस्किटाचा पुडा काढला. तिथं मात्र माझी जीभ कामाला आली. इथं काय तमाशा लागलाय का, आपापल्या घरी जा, असं मी इतक्या जोरात म्हटलं की कुत्रीसुद्धा गेली. हळूहळू रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची उचकी झाली. पोर उठला, नाक बाहीला पुसलं आणि आत गेला. बाहेर आला तो काजळाची डबी घेऊन.

मी म्हटलं, आज कसली तीट रे तुला? आज काय चांगलं केलंस?

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. डबीत बोट बुडवलं, ओट्यावर चढला आणि आजीच्या गालावर हा एवढा ठिपका काढला. मग बापाला सांगितलं, "आजीनी मारला न्हाय. बरं केलं तिनं."

आवडाबाईचे हात अजून मांड्यांखालीच होते. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते पुसायलाही तिनं हात काढला नाही, काजळ ओघळत हनुवटीपर्यंत गेलं. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगीच दिपालीला ओरडले, की उभी काय राहिलीस, सासूच्या मनगटाला हळद लाव. ती आत पळाली.

गणराज आईशेजारी येऊन बसला. चाळिशीला आलेला दांडगा माणूस, पण आवाज पोरासारखा निघाला त्याचा.

"मला कधी लावलीस का गं तीट?"

"रोज," आवडाबाई म्हणाली. "तू निजलास की. कानामागं लावायची, तुला उठायच्या आत पुसून टाकायची. आनि बोलायचीबी."

"काय बोलायचीस?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. आळी मोकळी होती. मग तिनं हात मांड्यांखालून काढले. लाकडासारखे ते हात बधिर झाले होते, तिनं ते एकमेकांवर चोळले. नातवाकडून डबी घेतली, गणराजची मान एका हातानं खाली वाकवली, त्याच्या कानामागं ठिपका लावला. आणि मग, त्याच्या जागेपणी, तोंडावर, ती बोलली.

तो तसाच वाकून ऐकत होता. नंतर त्यानं खिशातून मोबाइल काढला, अंगणाच्या टोकाला जाऊन उलव्याच्या खोलीवाल्याशी बोलला. आम्ही येत नाही, दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच मला ऐकू आलं. ऋत्विक त्याच्या मागं मागं चावी मागत गेला.

आवडाबाई त्याला काय बोलली, ते मी शेजारीच असल्यामुळं शब्द न् शब्द ऐकलं. पण सांगणार नाही. उगीच नजर लागायची.